पहाटेचे तास कोणाचे?

पाऊस ओसरू लागला की मिरामार ते दोनापावल या रस्त्यावर भल्या पहाटे एक निराळेच जग जागे होते. पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजण्यापूर्वी, अजून काळोख असतानाच, कपाळाला दिवा बांधलेली माणसे धावताना दिसतात. त्यांच्यामागून बारीक चाकांच्या सायकलींची रांग सरसरत निघून जाते. हे दृश्य आता राजधानीपुरते राहिलेले नाही. फोंडा, मडगाव, म्हापसा, वास्को, पलीकडे कारवार आणि बेळगाव, सर्वत्र अशी मंडळी आढळतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर 'आयर्नमॅन ७०.३' या नावाची स्पर्धा प्रथम भरली आणि या हौसेला गोमंतकात जणू राजमान्यता लाभली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहावयाचे, लगेच ९० किलोमीटर सायकल हाकावयाची आणि त्यावर २१.१ किलोमीटर धावावयाचे, असा तो एका दिवसाचा प्रपंच आहे. महामारीमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे स्पर्धा झाली नाही. २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा उत्साह किंचितही उणावलेला नव्हता.

या स्पर्धांत उतरणाऱ्यांतील फार मोठा भाग व्यावसायिक खेळाडूंचा नसतो. बँकेतील अधिकारी, डॉक्टर, अभियंते, शिक्षक, दुकानदार, सरकारी नोकर अशी ती सारी संसारी माणसे. पस्तिशी-चाळिशी उलटलेली, एकदोन शाळकरी मुले असलेली, घरी म्हातारे आईवडील असलेली. रक्तातील साखरेचा अहवाल पाहून किंवा एखाद्या समवयस्क मित्राच्या अकाली निधनाने हादरून त्यांनी धावण्यास आरंभ केलेला असतो. पुढे पाच किलोमीटरचे दहा होतात, दहाचे एकवीस होतात आणि एके दिवशी बेचाळीस किलोमीटर १९५ मीटरांच्या मॅरेथॉनचा अर्ज भरला जातो. या माणसांविषयी आम्हांस आदरच वाटतो. ज्या समाजात चाळिशी म्हणजे पोट सुटण्याचे वय असे गृहीत धरले जाते, तेथे कोणी पहाटे साडेचारला उठून घाम गाळीत असेल तर त्याची टिंगल करण्याचे काही कारण नाही.

तथापि एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो या मंडळींच्या गौरवसमारंभात कोणी विचारीत नाही. हे पहाटेचे तास कोणाचे? अर्धमॅरेथॉनच्या पुढे जाऊन पूर्ण मॅरेथॉनची तयारी करावयाची तर आठवड्यास पाच ते सात तास लागतात. पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिन्ही अंगांची तयारी करू पाहणारा आठ-दहा तासांच्या आत सहसा भागवू शकत नाही. हे तास आकाशातून पडत नाहीत. आमच्या किनारपट्टीवर आठ वाजल्यानंतर उन्हाचा आणि दमट हवेचा असा काही मारा सुरू होतो की लांब पल्ल्याचे धावणे अशक्य नसले तरी अविचाराचे ठरते. म्हणजे उरते ती पहाटे साडेचार ते सात ही वेळ. आणि नेमकी हीच वेळ घराला सर्वांत जड असते. नळाला पाणी येते ते याच वेळी. मुलांना उठवून, न्हाऊ घालून, डबे भरून आठच्या आत शाळेत पोहोचवावयाचे ते याच वेळी. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी, देवाची फुले, दूध, कचऱ्याची गाडी, सारे याच दोन-अडीच तासांत. घरातील एक प्रौढ माणूस या वेळी रस्त्यावर असेल तर त्याच्या वाटचे काम दुसरे प्रौढ माणूस करीत असते. ते दुसरे माणूस कोण, हे सांगावयास नको.

हिशेब येथेच संपत नाही. साडेचारला उठावयाचे तर साडेनऊच्या आत अंथरुणाला पाठ टेकली पाहिजे, नाहीतर चार दिवसांत शरीर बंड करते. आमच्या घरांत जेवणाची पाने नऊ-साडेनऊला वाढली जातात. मुलांचा अभ्यास, दिवसभराच्या गोष्टी, पतिपत्नींचे चार शब्द, जे काही व्हावयाचे ते त्यानंतर. सरावाला लागलेला गृहस्थ आठलाच जेवून घेतो आणि घर जेवावयास बसते तेव्हा तो घोरत असतो. पहाट त्याने घेतली हे सर्वांना दिसते. रात्रही त्यानेच घेतली हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे तीत आढळले. त्यातही अशा कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष शंभरात २६. २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा स्त्रियांचा आकडा २८९ वर आला होता. पुरुषांचा ८८ वर! म्हणजे पाच वर्षांत स्त्रीच्या डोक्यावरचे ओझे दहा मिनिटांनी हलके झाले आणि तेवढ्यात पुरुषानेही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली. ज्या घरात मुळातच वाटणी अशी आहे, त्या घरात आठवड्याचे आठ तास 'स्वतःसाठी' काढणे कोणाला सहज जमते आणि कोणाला स्वप्नातही जमत नाही, हे त्या आकड्यांवरून कळावे.

कोणी म्हणेल, ही साहेबी खुळे आहेत, आपल्याकडे हे कधी नव्हते. हे मात्र आम्हांस मान्य नाही. दीर्घ दमाची परंपरा आमच्या भूमीला नवी नाही. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन किनाऱ्यापासून आतल्या गावांपर्यंत झपाझपा चालत जाणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या, रोज माडांच्या शेंड्यांवर चढणारा रेंदेर ज्यांनी पाहिला, त्यांना दमसास म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर वारकरी सुमारे तीन आठवड्यांत पायी तोडतात. आमच्या गोमंतकातूनही पायी दिंड्या निघतात. आणि सीमाभागातील वाचकांना तर फडेप्पा दरेप्पा चौगुले हे नाव परके वाटू नये. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला जो भारतीय चमू गेला, त्यात बेळगावचे हे चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला. चमूला पाठविण्याचा खर्चही जेथे वर्गणी आणि देणग्यांतून उभा राहिला, त्या काळातील ही कामगिरी आहे.

फरक आहे तो निराळाच. पाटीवाली बाई काय, रेंदेर काय, त्यांचा दम त्यांच्या कामातच मुरलेला होता. संसार चालविणे आणि शरीर कमावणे या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. त्यासाठी घरापासून वेळ चोरावा लागत नव्हता. (त्या जिण्यात कष्ट होते, उपासमार होती, त्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही.) वारीत तर अख्खे घर चालते: म्हातारी आई, सून, कडेवरचे मूल. आजचा नोकरदार दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसतो, घरापासून कचेरीपर्यंत दुचाकीने जातो, आणि मग गमावलेला दम परत मिळविण्यासाठी वेगळे तास विकत घेतो. किंमत मात्र घर चुकवते.

मग हे तास खरोखर एवढे लागतात काय? येथे आम्हांस न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डची आठवण होते. ऑकलंडमधील हा गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करी, आणि संसाराची तोंडमिळवणी करण्यासाठी जोडीला दुधाचा रतीबही घाली. फावल्या वेळात स्वतःवरच प्रयोग करून त्याने धावण्याची एक पद्धत बसविली आणि शेजारपाजारच्या पोरांना ती शिकविली. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये तासाभराच्या अंतराने त्याच्या दोन शिष्यांनी सुवर्णपदके जिंकली, पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे. मॅरेथॉनचे कांस्यपदक बॅरी मॅगी या तिसऱ्या शिष्याने मिळविले. ही सारी नोकऱ्या सांभाळून धावणारी मुले होती. दर रविवारी वैताकेरेच्या डोंगरांतून बावीस मैलांची एक फेरी, आणि एरवीचे बहुतेक धावणे धाप न लागता, गप्पा मारता येतील अशा वेगाने, हा त्याच्या पद्धतीचा पाया. आठवड्याला शंभर मैल हा त्याचा आकडा संसारी माणसाने घेऊ नये. घ्यावे ते तत्त्व. सावकाश धावण्याने हृदयाची एका ठोक्यात रक्त फेकण्याची शक्ती वाढते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, चरबी जाळण्याची सवय शरीराला लागते. दररोज जीव तोडून धावणारा यांपैकी अधिक काही मिळवीत नाही. तो फक्त थकतो, आणि थकलेला माणूस घरी येऊन पहिला राग मुलांवर काढतो. लिडियार्डनेच पुढे १९६० नंतरच्या काळात ऑकलंडमध्ये हृदयविकारातून उठलेल्या, मध्यमवयीन, सुखवस्तू लोकांना हळूहळू धावावयास लावले, आणि जॉगिंगचे वेड तेथून अमेरिकेत पोहोचले. तेव्हा आजच्या सकाळच्या फिरस्त्यांचा मूळपुरुषही हाच मनुष्य म्हणावयास हरकत नाही.

इंग्लंडच्या रॉन हिल यांचे उदाहरण याहून जवळचे आहे. वस्त्ररसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविलेला, पत्नी व दोन मुले असलेला हा नोकरदार गृहस्थ १९७० साली बोस्टनची मॅरेथॉन जिंकून गेला आणि त्याच वर्षी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदकही मिळविले. त्यांच्या सरावाचे मर्म साधे होते: ते धावत कामावर जात आणि धावत घरी येत. जो वेळ नाहीतरी प्रवासात जाणार तोच त्यांनी सरावाला लावला. आमच्याकडे घामाने निथळत कचेरीत शिरणे शक्य नाही, हे उघड आहे. पण संध्याकाळी परतताना घराच्या चार-पाच किलोमीटर अलीकडे बसमधून उतरून उरलेले अंतर धावत येणे काही अशक्य कोटीतील नव्हे. रायबंदरच्या वाटेने जुने गोवे गाठणाऱ्याला हे सुचावयास हवे. त्यात घराचे एक मिनिटही जात नाही. उलट वाहनांच्या खोळंब्यात सापडलेला शेजारी मागून येतो.

परंतु याच रॉन हिल यांच्या चरित्रात सावध करणारीही एक बाजू आहे. २० डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षांहून अधिक काळ, त्यांनी एकही दिवस किमान एक मैल धावल्याविना जाऊ दिला नाही. पायावर शस्त्रक्रिया झाली तेव्हाही कुबड्या घेऊन त्यांनी तो मैल पुरा केला. लोक याला निर्धार म्हणतात. आम्ही त्याला निर्धाराचे व्यसनात झालेले रूपांतर म्हणू. थांबता न येणे हे सामर्थ्याचे लक्षण नव्हे, आणि ज्या घरात असा माणूस असतो, त्या घराला त्याच्या घड्याळाप्रमाणे जगावे लागते.

आमच्या धावपटूंना हे व्यसन लागू नये यासाठी शास्त्राचा एक निष्कर्ष मोलाचा ठरेल. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील शाखेत रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांकडून दहा आठवडे, आठवड्यातील सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे कसून व्यायाम करून घेतला. नंतर जोर तितकाच ठेवून दिवस मात्र कमी केले, काहींचे चारवर आणि काहींचे दोनवर. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून होती! पुढे त्यांनी दिवस तेच ठेवून चाळीस मिनिटांची सव्वीस आणि तेरा मिनिटे करून पाहिली. तेव्हाही ती क्षमता टिकली, फक्त तेरा मिनिटवाल्यांचा लांब पल्ल्याचा दम काहीसा घटला. १९८५ मध्ये वेळ कायम ठेवून जोर घटविला, तेव्हा मात्र क्षमता ढासळली. सांगावयाचे तात्पर्य हे की, कमावण्यास वेळ लागतो, पण कमावलेले राखण्यास फार थोडे पुरते.

हे आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितले ते चतुर्थीसाठी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील स्पर्धेची तयारी चार महिने आधी सुरू होते. म्हणजे तिचा ऐन भर श्रावण, भाद्रपद आणि आश्विनात येतो. श्रावणातील व्रते, चतुर्थीला मूळ घरी जमणारा सारा गोतावळा, माटोळीसाठी रानातून आणावयाच्या वस्तू, घराची साफसफाई, पाठोपाठ म्हाळ, नवरात्र, दिवाळी. समुद्र तर पावसाळ्यात पोहणाऱ्याला वर्ज्यच. अशा दिवसांत कागदावरचा तक्ता 'रविवार: ८० किलोमीटर सायकल' असे सांगतो आणि एरवी समंजस असलेला माणूस घरात गणपती असताना दुपारची आरती चुकवून घामेजलेला येतो! वर्षातून एकदा भेटणाऱ्या काकांनी, आत्यांनी काय समजावे? हिक्सन यांच्या प्रयोगाचा अर्थ असा की चतुर्थीचे दीड दिवस, पाच दिवस, किंबहुना पुरते दोन आठवडे हात आखडता घेतला तरी काही बुडत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास दमदार धावले म्हणजे पुरे. मुलाची दहावीची परीक्षा, सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, घरातील बाळंतपण या प्रसंगांनाही हाच न्याय. तक्ता बनविणाऱ्याला तुमच्या घरचा पंचांग ठाऊक नसतो. तो तुम्हीच पुढ्यात ठेवून तक्ता दुरुस्त केला पाहिजे.

सरावाच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: "मी हे घरच्यांसाठीच करतो, मी निरोगी राहिलो तर तेच सुखी होतील." त्यात तथ्य आहे, पण ते एका मर्यादेपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम एवढेच आहे. म्हणजे अडीच ते पाच तास. तेही झपझप चालण्याने साधतात. त्यापुढील प्रत्येक तास हा हौसेचा तास आहे. हौस असणे हा गुन्हा नव्हे. संगीताची असते, नाटकाची असते, तशी ही एक निर्मळ आणि मानाची हौस. मात्र तिला हौसच म्हणावे. हौसेसाठी घरच्यांची संमती मागावी लागते, 'कुटुंबासाठी त्याग' असे नाव दिले की ती मागावी लागत नाही. लाखाच्या घरातील सायकल आणताना जो माणूस 'औषधांचा खर्च वाचेल' असे सांगतो, त्याच्या पत्नीच्या चेहऱ्यावरील भाव आम्ही डोळ्यांसमोर आणू शकतो.

आणि पत्नीलाही हीच हौस असेल तर? येथे परदेशातील दोन स्त्रियांच्या कथा सांगण्याजोग्या आहेत. जॅस्मिन पॅरिस ही स्कॉटलंडमध्ये राहणारी पशुवैद्यक. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या पेनाइन वेवरील २६८ मैलांची, कडाक्याच्या थंडीतील शर्यत तिने ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. केवळ स्त्रियांत नव्हे, तर सर्वांत पहिली येऊन, आणि आधीचा विक्रम बारा तासांनी मोडून. त्या वेळी तिची मुलगी चौदा महिन्यांची अंगावर पिणारी होती आणि वाटेतील थांब्यांवर ती तिच्यासाठी दूध काढून ठेवीत होती. मार्च २०२४ मध्ये, दोन मुलांची आई असताना, अमेरिकेतील टेनेसीच्या रानातील 'बार्कली' नावाची शर्यत साठ तासांच्या मुदतीला अवघे ९९ सेकंद उरले असताना पुरी करणारी ती पहिली स्त्री ठरली. तिचा सराव चालतो तो पहाटे, मुले उठण्यापूर्वी. आमच्या दृष्टीने यातील कळीची गोष्ट शर्यत नसून घर आहे: तिचा पतीही डोंगरांतून धावणारा आहे. घरात दोघेही धावणारे, म्हणजे एकाची पहाट ती दुसऱ्याची घरची पाळी, हे तेथे गृहीत धरलेले असणार.

दुसरी सोफी पॉवर. २०१८ साली मॉं ब्लां पर्वताभोवतीच्या सुमारे १७० किलोमीटरांच्या शर्यतीत, वाटेतील कुर्मायर या गावी तीन महिन्यांच्या बाळाला पाजत बसलेले तिचे छायाचित्र जगभर गाजले. लोकांनी वाहवा केली. तिचे म्हणणे मात्र वाहवेविषयी नव्हते. त्या शर्यतीच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे दुखापत झालेल्याची जागा पुढील वर्षासाठी राखता येई, पण गर्भवतीची येत नसे! एवढ्यासाठी तीन महिन्यांची ओली बाळंतीण डोंगरात उतरली. पुढे तिने या नियमांविरुद्ध चळवळ उभारली आणि अनेक शर्यतींना आपले नियम बदलावे लागले. आमच्या देशातील संयोजकांनीही, कोणी मागणी करण्याची वाट न पाहता, गर्भवती स्त्रीचे शुल्क आणि जागा दोन वर्षे राखून ठेवण्याची तरतूद अर्जातच छापावी.

आता आमच्या घरांकडे वळू. गावोगावच्या या सराव-मंडळांत स्त्रिया नाहीत असे नाही. त्यांची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट. पण त्यांतील पुष्कळ जणी अविवाहित किंवा मुले मोठी झालेल्या आहेत, असे आमचे निरीक्षण आहे. मधली पंधरा वर्षे त्या दिसत नाहीत. ज्या वर्षांत पती अर्धमॅरेथॉनवरून मॅरेथॉनवर जातो, तीच ही वर्षे. यावर उपाय भाषणांत नाही, वाटणीत आहे. आठवड्याच्या सहा पहाटा असतील तर तीन त्याच्या, तीन तिच्या. ती धावत नसेल तर त्या तीन पहाटा तिने झोपून काढाव्यात, तोही तिचाच हक्क. आणि आपल्या पाळीच्या दिवशी डबा, पाणी, मुलांच्या वेण्या यांसकट सारी सकाळ त्याने निभवावी, 'मदत' म्हणून नव्हे. रविवारचे लांब अंतर चारला निघून साडेसातच्या आत संपवावे, म्हणजे बाजारातून मासळी आणण्यास उशीर होत नाही आणि उरलेला रविवार घराचा राहतो. तो दुपारभर घोरण्यात घालविला तर मात्र सगळा हिशेब फिसकटला. वर्षातून मोठी स्पर्धा एकच. ती कोणती, हे अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून ठरवावे. पैसे भरल्यानंतर विचारणे म्हणजे विचारणे नव्हे. ज्या घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तेथे त्या वर्षी दहा किलोमीटरांवर समाधान मानावे. दमदार धावपटूची घडण दोन-चार महिन्यांत होत नाही, ती अनेक वर्षांत होते. मध्ये एखादे वर्ष संथ गेले तर ती वाया जात नाही.

यातील अर्धा भार शासनाने उचलावयाचा आहे, आणि तो फारसा खर्चाचा नाही. ज्या स्त्रीला सकाळी चाळीसच मिनिटे मिळतात, तिला मिरामारपर्यंत जाऊन येण्यात अर्धा वेळ घालविणे परवडत नाही. तिला घराजवळ सुरक्षित जागा हवी. आमच्या गावांचे रस्ते अरुंद, पदपथ नाहीत, दिव्यांच्या खांबांतील निम्मे मिणमिणते, आणि वळणावळणावर भटक्या कुत्र्यांचे थवे. पुरुष हातात काठी घेऊन निघतो. बाई निघतच नाही. ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा २०२३ मध्ये गोव्यात झाल्या. त्यानिमित्त मैदाने सजली, धावपट्ट्या झाल्या, दिवे लागले. त्याखेरीज पंचायतींची आणि शाळांची मैदाने तालुक्या-तालुक्यांत आहेत. जेथे ती पहाटे पाचला उघडत नसतील तेथे ती पाच ते साडेसात या वेळेत उघडावीत, भोवतालचे दिवे तेवढा वेळ चालू ठेवावेत, आणि दार उघडण्यासाठी एक पहारेकरी नेमावा. शक्य तेथे तो गावातीलच एखादा निवृत्त माणूस असावा, म्हणजे पहाटे आलेल्या मुलीबाळींना ओळखीचा चेहरा दिसेल. यासाठी नवी योजना नको, कोनशिला नको. क्रीडा खात्याने एक परिपत्रक काढावे आणि पंचायतींनी किल्ली कोणाकडे राहील ते ठरवावे. पाऊस सरला की सरावाचा हंगाम ऐन रंगात येतो. त्यापूर्वी हे होऊ शकते.